पेढ्यांच्या डब्यातला दवाखाना

सौदीतल्या रास तनुराच्या कामगार कॅम्पात आमच्या खोलीचा डॉक्टर मी होतो. शिक्षण आयटीआय, ट्रेड वेल्डर.

दवाखाना म्हणजे पेढ्यांचा रिकामा डबा. इथं अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आमच्या गावचा मेडिकलवाला चिठ्ठी विचारत नाही, किती पाकिटं तेवढंच विचारतो. म्हणून दर रजेहून येताना बॅगेत कोकम, सुकट आणि कॅप्सूल. सर्दीला दोन, दाढेला दोन. (बायकोशी फोनवर भांडून डोकं धरलेल्या एका फिटरलाही दोन.) बरं वाटलं की उरलेल्या कॅप्सूल डब्यात परत, पुढच्या पेशंटसाठी. औषध वाया घालवणं आमच्या रक्तातच नाही.

सगळ्यात जुना पेशंट माझा मेहुणा संजू, स्कॅफोल्डिंगवाला. गेल्या वर्षी त्याच्या पायाला पत्रा लागला.

"भावोजी, क्लिनिकला जाऊ काय?"

"उगाच खाडा पडेल. ह्या घे."

तीन दिवसांत ताप उतरला, मी गोळ्या थांबवल्या. आठवड्यानं पाय पुन्हा सुजला, पुन्हा दिल्या. तिसऱ्या खेपेला बोटं काळी पडली आणि खोलीत वास सुटला. मी डोस वाढवायचं ठरवलं. खोलीतल्या बाकीच्या दोघांनी संजूला उचलून इस्पितळात नेलं, म्हणून तो वाचला.

तिथला हैदराबादी डॉक्टर रिपोर्ट बघत राहिला.

"ये दवा पहले कितनी बार खाया?"

"जब जब छींका, साब," संजू म्हणाला.

"हर बार कमज़ोर जंतू मरे, तगड़े बच गए। अब इन पर ये दवा चलती ही नहीं।"

दोन बोटं कापावी लागली. बायकोनं फोनवर विचारलं, "माझ्या भावाला गोळ्या दिल्या कोणी?"

"खोलीतल्या एकानं," मी म्हणालो.

त्या एकाचा तिनं जो उद्धार केला तो मी निमूट ऐकला. सगळा खरा होता.

संजूला आता उंचीवर चढू देत नाहीत. तो स्टोअरमध्ये बसून हेल्मेटं वाटतो. मला अजून त्याच्याकडे सरळ बघवत नाही.

गेल्या महिन्यात मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरनं तपासून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. रोज वेळ झाली की संजू लंगडत येऊन समोर उभा राहायचा.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "बरं वाटतंय रे. उरलेल्या ठेवूया काय?"

संजू खाटेवर बसला आणि त्यानं पायातला मोजा काढला.

आमच्या खोलीच्या डॉक्टरसाहेबांनी गोळी पाण्याशिवायच गिळली.