नऊनं जाणारी संख्या

डाळ कितीही निवडा, एखादा खडा दाताखाली येतोच. आमच्या बिल्डिंगचे किस्से तसेच आहेत, हसता हसता एखादा टोचतोच. लातूरला मुलींच्या क्लाससाठी रूम करून राहणाऱ्या आम्ही आया. मी भोकरची, अक्का उदगीरच्या, सुलभा देगलूरची. मुली डॉक्टर व्हाव्यात म्हणून घरदार सोडून आलेलो.

रविवारी टेस्ट असायची. मुलींनी जिन्यात पाय ठेवला की आमचं सुरू, "किती पडले?" एकदा अक्कांनी लेकीला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. ती म्हणाली, "अम्मा, बाथरूमला तरी जाऊ दे!"

माझी वैष्णवी प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा रिपीट करत होती. तिचे मार्क मी फोनवर दिरांना सांगायचे, तेही तिच्यासमोरच. ती भिंतीकडं तोंड करून बसायची. हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

आणि एका रविवारी तिनंच आम्हाला कोडं घातलं. एक ते नऊ आकडे एकेकदाच वापरून नऊ आकडी मूळ संख्या करायची. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जाऊ नये.

सुलभानं शेवटी दोन ठेवला. अक्का हसल्या, "अगं, दोननं जातंय की ते." आणि स्वतः शेवटी पाच ठेवला!

मी दहावी पास, म्हणून माझ्यावर भिस्त. मी २४६८१३५७९ मांडली. सातचा पाढा अवघड, म्हणून सातपासूनच सुरुवात केली. तीन काय, सोपा, नंतर बघू. सात, अकरा, तेरा, कशानंच जाईना. तिकडं दूध उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा द्यायला गेले, तर क्लासच्या गेटवर, मैत्रिणींसमोरच सांगितलं, "सापडली!"

वैष्णवी खाली बघत म्हणाली, "मम्मी, आकड्यांची बेरीज कर."

पंचेचाळीस आली.

"कसेबी फिरव, पंचेचाळीसच येणार. बेरीज नऊनं जाते, म्हणून संख्याबी नऊनं जाणारच. ती मूळ संख्या होतच न्हाई."

"मग आम्हाला घातलं कशाला?"

तिनं माझ्या हातातला डबा घेतला. तिची मैत्रीण म्हणाली, "काकू, त्या रविवारी कुणीच मार्क विचारले न्हाईत."

सकाळचा रिकामा डबा घेऊन परत आले. वाटेत ओळखीचं कुणी भेटू नये असं वाटत होतं.

अक्कांना आणि सुलभाला सांगितलं. मार्क विचारायचे नाहीत, असं तिघींचं ठरलं. पण रविवार आला आणि अक्कांना दम धरवेना. लेकीला म्हणाल्या, "मार्क नको सांगू, बाई. नऊनं जातात का, तेवढं सांग."

"जातात."

अक्का संध्याकाळभर नऊच्या पाढ्यात!

मी भाकरी थापत होते. फोन वाजला, दिरांचा. मी उचलला नाही. वैष्णवीनं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो वाजायचा थांबला तशी ती परातीजवळ येऊन बसली.

"मम्मी, विचार की."

"न्हाई."

"माझे कशानंच जात न्हाईत," ती म्हणाली. "मूळ संख्या पडलीय."