सलोनीच्या नकाशातलं बंद दार

“उत्तर कुठे आहे?” मी विचारलं आणि तिसरीच्या सगळ्या वर्गाने छताकडे बोट दाखवलं.

चूक मुलांची नव्हती. नकाशा भिंतीवर टांगलेला, त्यात उत्तर वर. अकरा वर्षं मी तसाच शिकवत आले होते. परीक्षेत मार्क मिळायचे, म्हणून कुणाची तक्रारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला जिल्ह्याचा नकाशा खिळ्यावरून काढला आणि मैदानात अंथरला. मुलांना सूर्याकडे तोंड करून उभं केलं. समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर. मग नकाशाची उत्तर बाजू त्या डाव्या हाताकडे फिरवली. याला नकाशा दिशेला लावणं म्हणतात. एवढं केलं की कागदावरचं गाव आणि खरं गाव एकाच बाजूला येतं. मौदा सूर्याकडे गेलं, काटोल पाठीमागे.

तास संपता संपता सलोनी आली. ती रोजच उशिरा यायची. आई बुटीबोरीला कपड्यांच्या कारखान्यात, सकाळी लवकर कंपनीच्या बसने जायची. पोरगी स्वतःच आवरून पायी यायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, घरी दोनदा चिठ्ठी पाठवली होती. त्यावर आईने कंटाळून कळवलं होतं की पोरीला उमरेडला आजीकडे ठेवते, तिथल्याच शाळेत घालते.

सलोनीने दप्तर न उतरवताच बुटीबोरीवर बोट ठेवलं आणि मान वर करून दक्षिणेकडे पाहिलं.

“माही आई तिकडं हाये,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी गृहपाठ दिला: घर ते शाळा नकाशा. उडत्या पाखराला वरून दिसेल तसा. अंतर पावलांनी मोजायचं. कोपऱ्यात सूची, म्हणजे कोणती खूण कशाची ते सांगणारी चौकट.

बहुतेकांचे नकाशे एका पानात मावले. सलोनीने दोन पानं जोडली होती. तिची वाट शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत सरळ यायची. तिथून वळून नाल्याचा पूल, मग बाजार, मग कुठे समोरचं फाटक. मागच्या भिंतीवर दोन छोट्या रेघा होत्या. सूचीत लिहिलं होतं, ‘बंद दार’.

असं दार आपल्याकडे नाही, असं मी तिला सांगितलं.

“हाये न मॅडम. मी रोज पायतो. त्याले कुलूप हाये.”

मधल्या सुट्टीत तिच्यासोबत गेले. मोडक्या बाकांच्या ढिगामागे खरंच लोखंडी दार होतं. पलीकडे तिची वस्ती. मी रोज समोर स्कूटी लावते आणि समोरूनच घरी जाते. मला वाईट वाटलं, थोडी लाजही वाटली.

मोठ्या बाईंना दार माहीत होतं. गुरं आत यायची म्हणून पूर्वीच्या सरांनी ते बंद केलं होतं. उघडलं तर लक्ष कोण ठेवणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बरोबर होता. मी उभी राहीन, असं मी म्हटलं. त्या मी पुढे ठेवलेला सलोनीचा नकाशा पाहत होत्या. भिंतीपर्यंत चारशे दहा पावलं. भिंतीपासून फाटकापर्यंत तेराशे साठ. त्यांनी सलोनीला बोलावलं.

“हे मोजलं, का अंदाजे लिहिलं?”

“मोजलं. एकदा बाजारात गिनती चुकली, मंग पुन्हा मोजलं.”

“आधी काहून नाही सांगितलं वं?”

“कोणी विचारलंच नाही.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच दुपारी शिपाईदादांना बाकं हलवायला सांगितलं. कुलूप गंजलेलं होतं, ते कापावं लागलं.

आता शाळा भरण्याआधी वीस मिनिटं ते दार उघडं असतं. मी तिथे उभी राहते आणि घंटा झाली की नवीन कुलूप लावते. वस्तीतली आणखी सहा मुलं त्या वाटेने येतात. त्यातली दोन पूर्वी आठवड्यातून जेमतेम तीनदा दिसायची. सलोनीची आई तिच्या सुट्टीच्या वारी भेटून गेली. उमरेडचं नाव काढलं नाही. चौथीलाही तुम्हीच राहणार का, तेवढं विचारलं.

नकाशाचा हा धडा मी पूर्वी दिवाळीनंतर घ्यायचे, पुस्तकात तो मागे आहे म्हणून. आता शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात घेते. मुलं कुठून येतात हे शिक्षकाला अर्धं वर्ष सरल्यावर कळून फारसा उपयोग नसतो.