पाठ असलेला सिनेमा

गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्याला पंधरा वर्षं झाली, तरी हुद्दा काही सुटला नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वरच्या केबिनमध्ये, दोन मशिनींच्या मध्ये उभं राहून काढली. सिनेमे शेकड्यांनी दाखवले, पण जीव जडला तो एकावरच. लाँड्रीवाला गिऱ्हाइकाचा कोट चढवून मिरवतो आणि अख्खं शहर त्याला कोटाचा मालक समजतं, तो. पहिल्यांदा लागला तेव्हा सव्वीस आठवडे उतरला नाही, आणि पुढेही दर दोन-तीन वर्षांनी परत येत राहिला. टीव्हीवर लागला की मात्र काका उठून गॅलरीत जात.

"एवढ्याशा डब्यात काय बघायचं? मला पाठ आहे," म्हणत.

आणि खरंच पाठ होता. गेलं वर्षभर तर ते रोज सकाळी अंघोळ करताना तो मनातल्या मनात पहिल्यापासून चालवत. मुलीला वाटे, बाबांना अंघोळीला हल्ली फार वेळ लागतो. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. एकदा शेजारच्या शिंप्याशी दहा मिनिटं बोलून झाल्यावरही त्याचं नाव आठवलं नव्हतं. एरवी माणूस अशा गोष्टी हसण्यावारी नेतो, पण काकांच्या थोरल्या भावाची सुरुवात अशीच झाली होती. शेवटी शेवटी तो भरल्या ताटासमोर बसून विचारायचा, "पुढे काय?" घास उचलून हातात दिला की खायचा, आणि परत तेच. तो प्रश्न काकांच्या मनात घर करून बसला होता. सिनेमा आठवतोय तोवर आपण शाबूत, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

अशात मुलीनं त्यांच्या सत्तरीला तिकिटं आणली. त्याच सिनेमाचं संगीत नाटक झालं होतं, म्हणे.

"पहिल्या रांगेतली आहेत, बाबा. नाही म्हणायचं नाही."

काकांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली. न्हाणीघरात आपली परीक्षा आपणच घ्यायची आणि आपणच पास व्हायचं. इथे चारशे माणसांत निकाल लागणार होता.

पडदा वर गेला. लाँड्री, इस्त्री, कोट, सगळं ओळखीचं. पात्रं मध्येच गाऊ लागत, तेवढंच काय ते नवं. काका ओठांतल्या ओठांत संवाद आधी म्हणत होते, नट त्यांच्या मागून. अर्धा तास झाला आणि त्यांचे आवळलेले खांदे जरा सैल पडले.

मग बंगल्यातली मेजवानी आली. लाँड्रीवाला दबकत आत शिरला आणि एका उंच कपाटाला टेकून उभा राहिला. काहीच घडलं नव्हतं, तरी मागून लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

काय आलं? काकांनी मनातलं रीळ मागेपुढे फिरवून पाहिलं. त्यांना काहीच आठवेना. लाँड्रीवाल्याची बाही कपाटाच्या दारात अडकली. तो तोंडातून शब्द न काढता अख्खं कपाट ओढत पाहुण्यांना चहा देत फिरू लागला. सगळं नाट्यगृह पोट धरून हसत होतं. काका तेवढे घामानं भिजले होते.

मध्यंतरात त्यांनी जमेल तितक्या सहजपणे विचारलं, "ते कपाटाचं यांनी नवीन घातलं, नाही?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, असं काय करता? सिनेमातला सगळ्यात गाजलेला सीन आहे तो. तुम्हीच तर..." आणि ती थांबली. तिनं काकांचा हात धरला. तिचा हात त्यांच्याहून गार होता. म्हणजे तिच्याही मनात त्या थोरल्या भावाची आठवण आली होती.

काकांची पाचावर धारण बसली. एक शब्द नाही, एक चेहरा नाही, अख्खा सीन पुसला गेला होता. आज कपाट गेलं, उद्या ही पोरगी जाईल. घरी जाऊ या म्हणायला तोंड उघडलं, तर तिसरी घंटा झाली आणि अंधार पडला.

दुसरा अंक त्याच मेजवानीत सुरू झाला. लोकांना आवडतं म्हणून पुन्हा तेच कपाट. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले. मग नुसतं हसू ऐकू येऊ लागलं. आधी थोडंसं, दबलेलं. मग क्षणभर शांतता. मग एकदम गडगडाट आणि टाळ्या.

हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं.

मांडीवरचे त्यांचे हात आपोआप हलू लागले. उजव्यानं काहीतरी अलगद उतरवलं, डाव्यानं दांडा फिरवला, मग दोन्ही हातांनी फिल्म ओवली. काकांनी डोळे उघडून स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

चौथं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं आणि लगेच पाठ फिरवायची. संपलेलं रीळ उतरवायचं, उलटं गुंडाळायचं, पुढचं ओवायचं, मशिनीच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बघायच्या. केबिनमध्ये दुसरं माणूस नसायचं. त्या पाच मिनिटांत खिडकीतून फक्त लोकांचं हसू वर यायचं, मशिनीच्या घरघरीत मिसळून. शेकडो खेळ झाले आणि पाचव्या रिळाची सुरुवात, जिथे हे कपाट होतं, त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. सहाव्याची नाही, सातव्याची नाही. शब्द असतील तिथे कानांवर पडले होते, इथे तर शब्दच नव्हते. जे डोळ्यांनी पाहिलंच नाही, ते विसरणार कुठून?

काकांचे डोळे भरून आले. मग ते इतक्या जोरात हसले, की रंगमंचावरच्या लाँड्रीवाल्यानं कपाटासकट वळून पाहिलं.

कपाट आता दारात अडकलं होतं. काका खुर्चीच्या टोकाला सरकले, मुलीचा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "पुढे काय?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, घाबरू नकोस," ते तिच्या कानाशी लागून म्हणाले. "मी पहिल्यांदाच बघतोय."