दहापैकी सहा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नाटकावर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती? चुकलं तर माफ करा. पण काल अकोल्याच्या सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीवरून केसांच्या काळ्या रंगाचा उग्र वास आला आणि मी पुन्हा अमरावतीच्या वर्गात जाऊन बसलो.

बी.ए.चं पहिलं वर्ष होतं. मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या बापाचं एक जुनं नाटक अभ्यासाला होतं. सरांनी प्रत्येक पात्राच्या चारित्र्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले. बापाला सगळ्यांनी शून्य दिलं. मी सहा दिले.

"का रे?" सरांनी विचारलं.

"मानूस चांगला हाय, सर. त्याले दुसरं स्थळ भेटलं नसन."

"तुह्या बापानंबी थेरड्यालेच देली का पोरगी?" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. सरही हसले.

मी फळ्याकडे पाहत राहिलो. मला ताईचा मांडव दिसत होता. भर उन्हात भाऊजींच्या कानशिलावरून घामासोबत काळा रंग ओघळत होता आणि तो शालूला लागू नये म्हणून ताई अंग चोरून बसली होती.

ते सहा गुण मी बाबांना दिले होते. इतक्या वर्षांत कमी केले नाहीत.

सलूनमध्येच बाबांचा फोन आला. "जावई गेले, महिना झाला. तुही नोकरीची परीक्षा होती म्हनून सांगतलं नाही. तू ताईची काळजी नको करू. तिच्यासाठी दुसरं स्थळ पाह्यलं. वय जरा जास्त हाय, पन मानूस चांगला हाय."