दोनवरची टाळी

टाळ्या सुरू झाल्या की भाऊ उठून शेजारच्या माणसाचे हात धरायचे. खरंच धरायचे. "एकवर नाही, दोनवर," म्हणायचे. शेजारी नवरदेव असो की कौन्सिलचा मेयर. लंडनमधल्या एजवेअरच्या मराठी मंडळात त्यांना पहिल्या रांगेत बसवत नसत, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण मंडळ तोंडानं सांगत नसे.

तुम्हीही चार मोजून बघा. आपण पहिल्या मात्रेवर टाळी देतो. भाऊ ज्या संगीतात आयुष्यभर राहिले, त्यात ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. "पहिली सगळ्यांना ऐकू येते. तिला टाळीची काय गरज?" ते विचारायचे.

भाऊ सेशन ड्रमर होते. म्हणजे रेकॉर्ड दुसऱ्याची, ड्रम यांचे. भंडाऱ्याकडचा हा माणूस जहाजावरच्या बँडमधून लंडनला उतरला आणि परत चढलाच नाही. बिस्किटांच्या जाहिरातींत ते वाजले, टीव्ही मालिकांच्या सुरुवातीला वाजले, मोठमोठ्या गायिकांच्या मागे वाजले. त्यांतली एक तर त्यांना 'ड्रम्स' अशीच हाक मारायची. "ड्रम्स, जरा हळू." हे सांगताना भाऊ हसायचे. मला हसू यायचं नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आठवडाभर ब्रॅकनेलच्या ऑफिसात कोड लिहायचो आणि शनिवारी मंडळाविरुद्ध पत्रकं. माझ्या बापानं नागपुरात जयंतीच्या मैदानावर पुस्तिका विकून मला वाढवलं, दुसरं मला येत नाही. भाऊंना गाडी येत नव्हती, म्हणून त्यांचे ड्रम मी माझ्या गाडीतून न्यायचो आणि वाटेत बोलणी खायचो.

"पोट्ट्या, वाचलं तुझं पत्रक. प्रत्येक ओळ एकवर आपटतोस. माणसानं श्वास कधी घ्यायचा?"

"श्वास घेऊ देत नाहीत म्हणूनच लिहितो, भाऊ."

"बघ, हेही एकवरच बोललास."

मग त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा म्हणावा असा अल्बम मिळाला. सोल-जॅझचा. चर्चमधल्या ऑर्गनची गरमी आणि जॅझचा मोकळेपणा एका भांड्यात शिजवला की जे होतं, ते. ऑर्गन वाजवणारा एक इंग्रज होता आणि कव्हरवर दोघांचीही नावं येणार होती, सारख्या आकारात. भाऊंनी कव्हरचा नमुना फ्रिजवर चिकटवला होता. दूध काढायला गेले की तिथेच उभे राहायचे. "दार बंद करा, भाऊ," मी वरून ओरडायचो.

अल्बमचा प्रोड्यूसर त्यांना ऐकायला मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आला आणि तिथे घात झाला. आमचे अध्यक्ष पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी प्रोड्यूसरला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की ह्यांच्या जमातीत पिढ्यान्‌पिढ्या डफडं वाजवतात. गावात लग्न असो की मयत, हेच लोक पुढे. मग भाऊंच्या पाठीवर थाप मारून मराठीत म्हणाले, "अहो, रक्तातच आहे तुमच्या!"

"रक्तात नाही, मनगटात," भाऊ म्हणाले. "सराव केलाय मी."

अध्यक्ष हसले. त्यांना तो विनय वाटला.

विनय! भाऊंच्या वडिलांनी धर्मांतराच्या वर्षी घरचं डफडं चुलीत घातलं होतं. यापुढे कुणाच्या दारात वाजवायला जाणार नाही, म्हणून. गावानं त्यांचं पाणी बंद केलं तरी ते गेले नाहीत. भाऊ ड्रम शिकले ते बाजाराच्या गावातल्या बँडवाल्याकडे, पुढे मुंबईच्या हॉटेलात, रोज बोटं सोलून. एवढं सगळं त्या एका थापेत पुसलं गेलं.

आणि प्रोड्यूसरला हवं ते सापडलं. एका रविवारी सकाळी आम्ही स्टुडिओत पोहोचलो तर मधोमध स्टुलावर एक कोरं डफडं ठेवलेलं. कुठून मागवलं कोण जाणे. अल्बमच्या पहिल्याच गाण्यात भाऊंनी ते वाजवायचं, कव्हरवरही ते हातात धरून उभं राहायचं. ऑर्गनवाला मान खाली घालून पट्ट्या पुसत बसला. त्याचं नाव सुरक्षित होतं.

"भाऊ, चला निघू," मी म्हणालो.

"काहून? थांब ना."

त्यांनी डफड्यावर बोट मारलं. लंडनच्या दमट हवेत कातडं सैल पडलेलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजलं. "हे शेकावं लागतं," ते प्रोड्यूसरला म्हणाले.

"बघा! ह्याला उपजतच कळतं," प्रोड्यूसर आनंदानं ओरडला आणि स्वतः तारांचा हीटर घेऊन आला.

भाऊ हीटरसमोर उकिडवे बसले. आमच्याकडच्या कुणीही सांगावं, कातडं शेकताना बोटानं वाजवत राहायचं आणि सूर चढला की लगेच बाजूला घ्यायचं. भाऊंनी वाजवलं. सूर चढला. खणखणीत लागला. प्रोड्यूसरनं अंगठा वर केला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि डफडं तिथेच धरून ठेवलं. सूर आणखी चढला, किंचाळायला लागला, जळका वास सुटला आणि कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं.

"सॉरी," भाऊ उठत इंग्रजीत म्हणाले. "रक्तात असतं तर कळलं असतं."

अल्बम आला तेव्हा कव्हरवर एकट्या ऑर्गनवाल्याचं नाव होतं. भाऊंचे आधीच रेकॉर्ड झालेले ड्रम मात्र सगळे वापरले होते. त्यांचं नाव आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. पहिल्या गाण्यावर कॉम्प्युटरमधून काढलेलं डफडं चढवलं होतं. ते धडाधड एकवर पडतं.

मी रातोरात पत्रक लिहिलं. भाऊंनी वाचलं आणि परत दिलं. "छापू नको. त्यांना मी नमुना म्हणून पाहिजे होतो, तुला उदाहरण म्हणून. मी वाजवणारा माणूस आहे, पोट्ट्या."

मी छापलं नाही. त्याचा राग मला आजही आहे. असल्या लोकांना मोकळं सोडायचं नसतं.

नंतर भाऊ मुलीकडे एडिनबराला गेले. ती तिथे हॉस्पिटलात नर्स होती. ते तिथेच वारले. मंडळानं शोकसभा ठेवली. अध्यक्ष बोलले, "कला त्यांच्या रक्तातच होती." मग श्रद्धांजली म्हणून त्यांनी अल्बमचं पहिलं गाणं लावलं. तेच. खोटं डफडं सुरू झालं, आणि शोकसभेत बसलेल्या माणसांनी ठेका धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकवर.

मी कान देऊन ऐकलं. त्या धडधडीच्या खाली भाऊ होते, शांत, जरासुद्धा घाई नाही.

मी उभा राहिलो आणि टाळी दिली. दोनवर. चारवर. पहिली रांग मागे वळून बघायला लागली, कुणीतरी "अरे, चुकतोयस," म्हणालं, अध्यक्षांनी हातानं खाली बसायची खूण केली.

मी गाणं संपेपर्यंत वाजवत राहिलो. माझे हात धरायला कुणी उठलं नाही.