नवमीचं ताट

देशभरातून लोक आपापले पितर घेऊन आमच्या नाशकात येतात. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, पिंड ठेवतात, डोळे पुसत परत जातात. आणि रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आमचे अण्णा स्वतःचे सगळे पितर एकाच दिवशी उरकायचे. पितृपक्षात ज्याची तिथी त्या दिवशी त्याचा स्वयंपाक, ही लोकांची रीत. अण्णांनी मात्र आपले वडील, आई, थोरला भाऊ आणि माझी आई अशा चौघांना सर्वपित्री अमावास्येला एकत्र बसवलं होतं. ताट एक, जेवणारे चार. "त्यांना कुठे वेगवेगळी भूक लागते?" असं वर म्हणायचे.

चिक्कू हा शब्द माझ्या वडिलांना अपुराच पडायचा. चहाची पावडर वाळवून पुन्हा उकळायला लावत. शेजाऱ्यांच्या दिव्याचा उजेड खिडकीतून येतोय तोवर आमच्याकडे बटण दाबायची सोय नव्हती. सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात असताना, आई गेली. तिला सैल हाताने फोडणी घालताना मी कधी पाहिलं नाही. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, लग्न केलं नाही, अण्णांजवळच राहिले आणि रोज त्यांच्याशी भांडले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या उन्हाळ्यात अण्णांची उजवी बाजू लुळी पडली. बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून ते खाटेवर असत. पितृपक्ष लागला, आणि एका दुपारी मी शाळेतून आले तर ते दाराकडे बघून ओरडत होते, "घरात काही नाही म्हणून सांगितलं ना!"

दारात कोणीच नव्हतं.

"माझे वडील आलेत," अण्णा म्हणाले. "जेवायला. आगाऊपणा बघ, अमावास्येला अजून किती अवकाश आहे."

मी पदर तोंडाला लावून हसले.

दुसऱ्या दुपारी थोरले काका आले. त्या दिवशी अण्णा चिडले नाहीत, घाबरले. चादर गळ्यापर्यंत ओढून म्हणाले, "तो बोलत नाही गं. नुसता चुलीकडे बघतो." त्यानंतर त्यांची आई आली आणि अण्णा लहान पोरासारखे हुंदके देत बसले. ती म्हणे त्यांनाच विचारत होती, तू जेवलास का? मग माझं हसणं बंद झालं. या आजारात असे भास होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन खीर केली. दूध कुठून आणलं, हे अण्णांनी विचारलं नाही.

मग त्यांना एकच ध्यास लागला. "सगळे आले. तुझी आई का येत नाही?" रोज जेवण झालं की केस विंचरून घेत, सदरा नीट करायला लावत आणि दाराकडे डोळे लावून बसत. मलाही ती यायला हवी होती. मला दिसणार नव्हती, पण निदान त्यांना दिसली असती, कशी आहे ते तरी त्यांनी सांगितलं असतं.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला करतात. अण्णा म्हणाले, "नवमीला तिचं वेगळं कर. तिच्या आवडीचं."

"काय आवडायचं तिला?"

अण्णा बराच वेळ आठवत राहिले. मग माझ्याकडे बघू लागले. मलाही सांगता येईना. ती उरलेलं खायची, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं.

शेजारणीला अण्णांजवळ बसवून मी एसटीने नामपूरला गेले, मावशीकडे. मावशी अंगणात कांदे निवडत होती. मी विचारलं तशी तिच्या अहिराणीत म्हणाली, "तिले डुबुकवड्या आवडेत. लसूण घालीसन." मग हातातला कांदा खाली ठेवून म्हणाली, "तुना बापले इतलंबी माहीत नही?"

डुबुकवड्या म्हणजे झणझणीत रस्सा उकळायचा आणि त्यात बेसनाचे गोळे सोडायचे. यात महाग काहीच नाही. पण रश्श्याला तेल लागतं, म्हणून आमच्याकडे त्या कधी झाल्याच नाहीत.

श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही. नवमीला मी लसूण हातात घेऊन थबकले. अण्णा खाटेवरून म्हणाले, "घाल. आणि तेल सढळ हाताने सोड." हे ऐकायला आई हवी होती.

खाटेसमोर पाट मांडून ताट वाढलं. अण्णांना उशीला टेकवून बसवलं. रस्सा निवला, वड्या फुगून मऊ पडल्या. उंबऱ्यावरचं ऊन सरकलं, दुपारच्या शाळेतली पोरं घरी परतली. त्या दिवशी आजोबा आले नाहीत, काका नाहीत, कोणीच नाही.

"नाही आली," अण्णा म्हणाले.

"येईल. थोडं थांबा."

"नाही. बरोबर केलं तिने."

आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. रडलेसुद्धा नाहीत. वाकून, चालत्या डाव्या हाताने त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "तू जेव. पोटभर जेव."

इतकी वर्षं मी आईच्या बाजूने भांडत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदाच मला तिचा राग आला. एकदा येऊन गेली असती तर काय बिघडलं असतं तिचं? मी पाटावर बसले आणि अण्णांसमोर रडत रडत जेवले. वड्या फार चांगल्या झाल्या होत्या.