घराला कुलूप

इतकं खोटं लिहूनही इतका खरा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नामाजी आमच्या गावचा टपालवाला. गाव त्याला ‘कुलूपवाले’ म्हणे, अगदी तोंडावर म्हणे, आणि त्याला राग येत नसे. पैसे भरून सोडवायचं पार्सल, म्हणजे व्ही.पी., कोणाच्या नावावर आलं आणि त्या घरात त्या दिवशी पैसा नसला, की नामाजी पार्सल पुन्हा काखेत मारी आणि त्यावर शेरा लिही, ‘घराला कुलूप.’ खाली सही आणि तारीख. असा शेरा पडला की पार्सलाला आणखी काही दिवसांची मुदत मिळे. रिठदच्या पलीकडच्या त्या आमच्या गावात कुलूप असं एकच होतं, ते माझ्या टपालाच्या पेटीला. बाकी सगळ्या घरांना कडी, आणि कडीत खोचलेली काडी.

मी तिथे शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा बाविशीचा होतो. त्या काळी गावचा मास्तर हाच गावचा पोस्टमास्तर असे. शाळेच्या कोपऱ्यात एक पेटी, एक तराजू, एक शिक्का, की झालं टपालघर. नामाजी पन्नाशी ओलांडलेला. अंगात कोणा धिप्पाड माणसाच्या मापाचा खाकी कोट, पायांना भेगा, आणि पाठीवर थैली. तालुक्याच्या कचेरीत जाऊन तो रोज टपाल आणी आणि रोज नेई. मी मात्र टपालाच्या नियमांचं पुस्तक पोथीसारखं उशाशी घेऊन झोपणारा. आमचं जमणार कसं?

पहिल्याच महिन्यात मी त्याला धरलं. म्हटलं, “नामाजी, ज्या घराला तुम्ही कुलूप लिहिलंत, त्या घरची बाई आत्ता माझ्यासमोरून पाण्याला गेली.”

“गेली असंन. मंग?”

“मग हे खोटं नाही का?”

त्यानं थैली खाली ठेवली, डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधला. विचार करायचा असला की तो असंच करी. “मास्तर, तुमी नियमाकडून पाहून राह्यले, मी दाराकडून पाह्यतो. दारात गेलो तं थे बाई पार्सलाले हात लावून पाहे, अन् मंग तोंड फिरवून उभी राहे. आता अशा बाईपुढून कोनी माल वापस धाडते का?”

माणसं तरी काय काय मागवत! पंचांगातल्या नाहीतर कॅलेंडरातल्या जाहिराती वाचून कोणी बाजाची पेटी मागवी, कोणी केस वाढायचं तेल, कोणी घड्याळ. एका शेतकऱ्याचं घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडलं, तेव्हा नामाजीनं त्याची समजूत घातली, “तीन दिवस तं टाइम समजला ना? आमाले तं जनमभर नाई समजला.” गावात कोणाचा कापूस कधी निघेल, कोणाची म्हैस कधी विकेल, हे सगळं त्याला पाठ असे, आणि त्या हिशेबानं तो कुलपं घाली. हळूहळू मीही डोळेझाक करायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, पुस्तक उशाशीच होतं, फक्त रोज उघडत नव्हतो.

मग लढाई सुरू झाली आणि वरून एक परिपत्रक आलं. यापुढे व्ही.पी.चं पार्सल टपालघराबाहेर न्यायचं नाही. घरी फक्त चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीच्या दिवसापासून सात दिवस वाट पाहायची आणि आठव्या दिवशी पार्सल परत. घराला खरोखर कुलूप असल्याशिवाय मुदत वाढणार नाही. आणि शेरा खोटा निघाला तर टपालवाल्याबरोबर पोस्टमास्तरलाही घरचा रस्ता. मी ते नामाजीला वाचून दाखवलं. खोटं कशाला बोलू, वाचताना मला बरंच वाटलं होतं.

त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “सात दिवस कायले ठेवले असतीन, मास्तर? आमचा बाजारच सात दिवसांनी भरते. एक बाजार हुकला का माल गेला.”

“ते वरच्यांना विचारा. पण आता कुलूप बंद. माझ्या भाकरीचा प्रश्न आहे.”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, घरात पाळणा हलायची वाट पाहत होतो, हे त्याला ठाऊक होतं. “तुमच्या नावाले बट्टा येऊ देनार नाई,” तो म्हणाला, आणि शेरे लिहायच्या दौतीला त्यानं बूच लावलं. त्या दिवसापासून नामाजीनं एकही खोटा शेरा लिहिला नाही. चिठ्ठी घेऊन तो एकेका दारी तीन-तीनदा जाई, शेतावर जाई, “आज चवथा दिवस हाय बरं,” असं आठवण करून देई. तरी पार्सलं परत जाऊ लागली. ती त्यालाच पाठीवर न्यावी लागत. ज्या वाटेनं आणली त्याच वाटेनं.

त्या पावसाळ्यानंतर एका सोमवारी त्याच्याच नावावर एक पार्सल आलं. चपटं, लाकडी पट्ट्यांत बांधलेलं, मुंबईहून. मी चिडवलं, “काय नामाजी, या वयात आरसा मागवलात की काय?”

“आहे एक चीज,” तो म्हणाला, आणि पट्ट्यांवरून एक बोट फिरवून बाजूला झाला. पैसे त्याच्या कमरेच्या गाठीला होते. पण पगार झाल्याशिवाय घरखर्चाचं कसं, म्हणून असेल, किंवा सुखाची गोष्ट जरा लांबवायची म्हणून असेल, त्यानं ते त्या दिवशी सोडवलं नाही. “बाजाराच्या दिवशी नेतो,” म्हणाला.

बाजार गुरुवारचा. त्याच्या आदल्या दिवशी सखूबुढीच्या दम्याच्या औषधाच्या व्ही.पी.चा सातवा दिवस होता. तिचा लेक गाडी घेऊन वाशीमला कापूस घालायला गेला होता, तो आला नव्हता. बुढी शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती, आणि तिच्या छातीतला आवाज वर्गातल्या शेवटच्या पोराला ऐकू जात होता. मी तिला नियम समजावून सांगितला. हो, सांगितला. ती म्हणाली, “मास्तर, मले श्वास नियमानं येत नाई ना बापा.” नामाजीनं कमरेची गाठ सोडली आणि पैसे माझ्या पुढ्यात ठेवले. बाटली घेऊन बुढी गेली. लेक आला की देईल, असं आम्ही दोघांनीही धरलं. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. ते पैसे त्यानं कशासाठी बांधून ठेवले होते, हे मला समोर दिसत असून दिसलं नाही.

गुरुवारचा बाजार गेला. शुक्रवार गेला. तो रोज यायचा, थैली घ्यायचा, कोपऱ्यातल्या पार्सलाकडे पाहायचा आणि निघायचा. वाशीमची गाडी काही आली नाही. सोमवारी आठवा दिवस उजाडला. त्याच आठवड्यात तपासणीसाठी साहेब येणार अशी वार्ता होती, त्यामुळे मी धास्तावलेला. नामाजी पार्सलापुढे उभा राहिला तेव्हा मी काय म्हणालो, ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की जेवण जात नाही. मी म्हणालो, “कुलूपबिलूप लिहू नका हं.”

तो हसला. “माह्या घराले कुठचं कुलूप, मास्तर!”

मग त्यानं दौतीचं बूच काढलं आणि आपल्याच पार्सलावर आपल्याच हातानं शेरा लिहिला, ‘मालक हजर. पैसे नाहीत.’ खाली सही, तारीख. मी तो वाचला, बरोबर आहे म्हणून शिक्का मारला. पार्सल थैलीत मावेना, तेव्हा त्यानं ते पाठीला आडवं बांधलं आणि तो निघाला. सखूबुढीचा लेक बुधवारी आला. पैसे द्यायला धावतच आला होता.

पुढे आठ-दहा दिवसांनी नामाजीला ताप भरला, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्या घरात मी पहिल्यांदाच जात होतो. एक खोली, एक चूल, एक खाट. समोरच्या भिंतीवर शेणामातीनं नवीन सारवलेला एक चौकोन, आणि त्याच्या मधोमध कोरा करकरीत खिळा. खिळ्याला झेंडूची वाळलेली माळ. खाली पणती.

“हे काय, नामाजी?”

तो खाटेवर उठून बसला. मग त्यानं सांगितलं. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागे एक मुलगी राहिली, मंजुळा. तिला घेऊन तो एकदा पोहरादेवीच्या जत्रेला गेला होता, आणि तिथे पडदा लावून बसलेल्या फोटोवाल्याकडून हौसेनं तिचा फोटो काढून घेतला होता. पुढच्याच साली पटकीच्या साथीत पोरगी गेली. तळहाताएवढा तो फोटो त्यानं इतकी वर्षं कोटाच्या आतल्या खिशात वागवला.

“घामानं पुसून चाल्ला होता, मास्तर. डोये दिसत, नाक दिसे नाई. मले भेव वाटे, एक दिवस पूरीच जाईन. मोठा करून देतो म्हने मुंबईवाला. धाडला.”

“दुसरा नाही?”

“एकच होता.”

“अहो, मला सांगायचं! मी भरले असते पैसे. मी... मी शेरा...”

“तुमाले बोललो होतो ना, बट्टा येऊ देनार नाई म्हनून.” तो भिंतीकडे वळला. “अन् मंग मी तिच्यावर खोटं कसं लिहू?”

मी त्या रात्री नियमांचं पुस्तक उशाखालून काढलं ते कायमचं. मुंबईच्या त्या दुकानदाराला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्यात हात जोडून विनवलं की बाबा, तो फोटो फेकू नकोस, पुन्हा व्ही.पी. कर, नावही तेच घाल, पैसे मी भरतो. लढाईमुळे मुंबईतली दुकानं हलली होती म्हणे. नामाजी बरा होऊन पुन्हा कामाला लागला. रोज थैली उघडताना तो माझ्या हातांकडे पाही, आणि मी मान हलवली की पत्रं लावायला बसे. “येईन,” म्हणे. कधीकधी मीच दिसायला जास्त खचलेला असे, तेव्हा तोच माझी समजूत घाली. असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला पुन्हा ताप आला, आणि या वेळी तो उठला नाही. त्याला खांदा द्यायला ज्यांच्या ज्यांच्या घरांना त्यानं कुलपं घातली होती ती सगळी घरं आली होती. सखूबुढी दम लागत लागत चालत आली. मागे कोणी वारस नाही, म्हणून पाटलांनी वाशीमहून एक कुलूप आणवलं आणि दाराला लावलं.

दिवाळीनंतर ते पार्सल आलं. तेच, चपटं, पट्ट्यांत बांधलेलं. माझा जुना शिक्का आणि त्याचा शेरा अजून त्यावर होता. नवीन टपालवाला बाहेरगावचा, साधा, कामसू गडी होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो चिठ्ठी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, “मास्तर, काय लिहू? घराले कुलूप आहे.”

मी म्हटलं, “तेच लिही.”

त्यानं लिहिलं. पैसे मी भरले, पार्सल सोडवलं. दुकानदारानं फोटोला रंग दिला होता. हिरवं परकर-पोलकं, मागे पडद्यावरचा राजवाडा, आणि घाबरून मोठे झालेले डोळे. नाक नीट दिसत होतं. पोरगी रडू नये म्हणून बाप चौकटीबाहेर उभा राहिला असणार, कारण तिच्या खांद्यावर कोपऱ्यातून आलेला एक हात होता. तो हात मी ओळखला. रोज सकाळी तो माझ्यापुढे थैली ठेवत असे.

मी पाटलांकडून किल्ली मागून घेतली. आत जाऊन त्या खिळ्याला फोटो टांगला, बापाचा हात असलेली बाजू खाटेकडे येईल असा. पणतीत तेल घातलं, पण लावली नाही, कारण बंद घरात दिवा ठेवत नाहीत. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि कुलूप माझ्या हातानं लावलं.